गोल राहिलेल्या पेशी

पान एकशे अठरावर देवमन तायड्यांचा हात थांबला. बाहेर काही घडलं नव्हतं. शुक्रवारची सकाळ होती, फेब्रुवारी सरत आला होता, अकोल्याच्या गोरक्षण रोडवरून शाळेच्या गाड्या जाऊन संपल्या होत्या, आणि आत माणिकबाई कुकरपाशी उभ्या राहून शिट्ट्या मोजत होत्या. टेबलावर नातीचा प्रबंध उघडा होता, निळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, विटेसारखा जड. गेले अकरा दिवस ते रोज दहा-बारा पानं वाचत होते, हातात भिंग धरून. पुस्तकात कधी खूण करायची नाही, बाजूच्या पाठकोऱ्या कागदावर करायची, ही त्यांची जन्माची सवय. आज कागदावर काय लिहावं ते त्यांना सुचेना. पानावर फोटो होता. करड्या पाण्यावर तेलाचे थेंब बसावेत तसे पेशींचे गोल पुंजके, प्रत्येकाची कड चकाकणारी. फोटोत पाहण्यासारखं ते एवढंच. पण देवमन सरांची नजर आधी डाव्या खालच्या कोपऱ्यात गेली होती. तिथं कसलासा तंतू पडला होता, गळाच्या आकड्यासारखा वाकलेला, टोकाशी किंचित फाटलेला. तो तंतू त्यांनी पाहिला होता. कॉलेजच्या दिवसांत नव्हे, याच आठवड्यात.

त्यांनी पानं मागे चाळली. पान त्रेसष्ट. तिथं तंतू उजव्या वरच्या कोपऱ्यात होता. त्यांनी प्रबंध उलटा केला. तंतू खाली डावीकडे आला, एकमेकांना चिकटलेले दोन पुंजके आपल्या जागी आले, एका पुंजक्याच्या कडेला नखानं कुरतडल्यासारखी खाच होती, तीही आली.

"पुस्तक उलटं धरून काय वाचून राहिले?" माणिकबाई हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या. "डोयाचं आपरेशन सुलट झालं म्हणत होता तो डाक्टर."

"चित्र पाहतो आहे."

"चित्र उलटं पाह्यते का कोणी? अकरा रोज झाले एकाच पुस्तकाले. इतक्यात मी दोन पोते गहू निवडले असते."

"निवडायचेत का गहू?"

"तुमच्या भरोशावर नाई," असं म्हणून त्या आत गेल्या. देवमन सरांनी प्रबंध सुलटा केला आणि बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा उघडला. फोटो तसेच होते.

त्यांची नात माया पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सहा वर्षं उंदराच्या भ्रूणातल्या पेशी वाढवत होती. या पेशी अशा असतात, की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांच्यातून हृदय होऊ शकतं, मेंदू होऊ शकतो, कातडी, रक्त, काहीही. काहीही होण्यासाठी लागणारी सगळी जनुकं त्यांच्यात पहिल्यापासून असतातच. मग त्या लगेच काहीतरी होऊन का बसत नाहीत? कारण काही प्रथिनं त्या जनुकांवर बसून त्यांना दाबून ठेवतात. त्यांना रिप्रेसर म्हणतात. ही दाबणारी प्रथिनं पेशीच्या सगळ्या शक्यता शाबूत ठेवतात, असं मायानं पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं. हे वाक्य देवमन सर तीनदा वाचून पुढे गेले होते आणि तिन्ही वेळा ते त्यांच्या घशात अडकलं होतं. दाबून ठेवण्याबद्दल त्यांना पुस्तकाबाहेरून जे ठाऊक होतं ते निराळं होतं. त्यांचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. वडिलांच्या शक्यता कोणी दाबून शाबूत ठेवल्या, असं त्यांना काही वाटत नव्हतं. त्या दाबल्या गेल्या आणि संपल्या. पण प्रबंधात जसजसं पुढे जावं तसतसं प्रकरण उलटं होत होतं. मायानं निवडलेलं एक प्रथिन असं होतं, की ते काढून घेतलं तर पेशी मोकाट सुटण्याऐवजी जागच्या जागी राहत. त्यांना मज्जापेशी व्हायला लावणारं पोषण दिलं, चार दिवस वाट पाहिली, तरी त्या गोलच. कारण ते प्रथिन पेशीच्या 'आहे तसंच राहा' म्हणणाऱ्या जनुकांना दाबत होतं. म्हणजे जायचं असेल, तर राहण्याला दाबणारं कोणीतरी लागतं. हे मात्र देवमन सरांना वाचल्याबरोबर पटलं होतं, इतकं चटकन, की त्यांना स्वतःचाच थोडा संशय आला होता. पान त्रेसष्टवर साध्या पेशी, पहिल्या दिवसाच्या. पान एकशे अठरावर प्रथिन काढून घेतलेल्या पेशी, चार दिवसांनंतरच्या, एकही बदल नाही. आता बदल दिसणार कसा, तो एकच फोटो होता.

की आपल्यालाच तसं दिसतं आहे? एका डोळ्यात बसवलेलं भिंग, दुसऱ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. शिकवलं काय, तर बेडकाचं पचनसंस्थान आणि कोंबडीचं भ्रूण. ज्या काळात शिकवलं, त्या काळात या प्रथिनांची नावंसुद्धा कोणी ठेवलेली नव्हती. एकोणऐंशी साली नागपूरला एका प्राध्यापकांकडे संशोधनाची जागा मिळत होती. त्यांचं कार्ड आलं होतं, 'जुलैत या'. देवमननी उत्तराचे चार मसुदे केले, एकात होकार, एकात थोडी मुदत, एकात आईचं आजारपण, आणि एक फारच नम्र, ज्यातून काहीच कळत नव्हतं. चौथा पोस्टात टाकला. पुढे तिकडून काही आलं नाही. यात कोणी त्यांना अडवलं नव्हतं. आपण आयुष्यात काय काय होऊ शकलो असतो, याची त्यांना मोठी माहिती होती, आणि ती शाबूत होती. एवढ्या शिदोरीवर, पुण्यातल्या प्रयोगशाळेत सहा वर्षं घासलेल्या, दोन बाहेरच्या परीक्षकांनी वाखाणलेल्या प्रबंधात चूक काढायची. दुपारी माणिकबाई आडव्या झाल्यावर त्यांनी कपाटातून बटर पेपर काढला, पान त्रेसष्टवर ठेवून टोकदार पेन्सिलीनं पुंजक्यांच्या कडा, खाच आणि तंतू गिरवले, आणि तो कागद उलटा फिरवून पान एकशे अठरावर ठेवला. रेघ रेघेवर बसली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या कागदावर गिरवलं.

फोटोत आधी कचरा पाहायचा, ही सवय त्यांना त्र्याऐंशी सालच्या परीक्षेनंतर लागली. त्या वर्षी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या सफारीतले, घाईचे गृहस्थ होते. टेबलावर ओळीनं सूक्ष्मदर्शक, प्रत्येकाखाली एक स्लाइड, स्लाइडवरच्या नावावर कागदाची पट्टी डकवलेली. घंटा वाजली की विद्यार्थ्यानं पुढच्या टेबलाकडे सरकायचं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यातलीच एक स्लाइड पंजाबराव नावाच्या मुलापुढे ठेवली. हा बाळापूरकडचा, काळासावळा, वर्गात मागे बसणारा, पण आकृत्या अशा काढी की कागदावरून उचलून घ्याव्यात. कोंबडीचं भ्रूण किती तासांचं, असं परीक्षकांनी विचारलं. पंजाबराव बराच वेळ डोळा लावून बसला आणि म्हणाला, "सर, याले पंखाचे कोंब फुटले हायेत. बहात्तर तासाचं हाय." परीक्षकांनी पट्टी सोलून काढली. खाली लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस. "कोंब तुमच्या डोक्याला फुटलेत," ते म्हणाले, आणि बाजूला हजेरीपट घेऊन उभ्या असलेल्या देवमन सरांकडे पाहून हसले. देवमन सरही हसले. कोंब हा शब्द कानावर पडल्याबरोबर त्यांना आदल्या वर्षीच्या जूनमधली ती संध्याकाळ आठवली होती. दोन ट्रे शेजारी शेजारी, बाटलीतला डिंक वाळत आलेला, नवी लेबलं आपणच डकवलेली. अठ्ठेचाळीसमधला आठ त्यांच्या हातचा होता, वरचा घेर लहान. तोंड उघडून 'सर, लेबल चुकलंय' म्हणायला तीन शब्द पुरले असते. पंजाबराव उठला, नमस्कार करून गेला. दोन गुणांनी प्रात्यक्षिकात राहिला आणि ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला आलाच नाही. देवमन सरांनी त्याच आठवड्यात सगळ्या स्लाइड तपासल्या, लेबलं बदलली. स्लाइडची ओळख लेबलावर ठेवायची नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं. लेबल माणूस लावतो. स्लाइडवरचा कचरा, बुडबुडा, ओरखडा कोणी लावत नाही, आणि दोन स्लाइडवर तो सारखा पडत नाही. पुढे सव्वीस वर्षं ते मुलांना हेच शिकवत राहिले. का, ते कोणाला सांगितलं नाही.

सेवानिवृत्तीनंतर ते एकदा बाळापूरला गेले होते. पंजाबरावाचं कृषी केंद्र होतं, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोठा फलक, आत थंडगार आणि औषधांचा उग्र वास. पंजाबराव सुटला होता, टक्कल पडलं होतं. त्यानं सरांना ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "बेंडकं लई कापले आपुन," तो म्हणाला. देवमन सरांनी कपातल्या सायीकडे पाहत विचारलं, कोंबडीच्या भ्रूणाचं काही आठवतं का? "कोंबड्या?" पंजाबराव म्हणाला. "कोंबड्या त् आता सगळ्या पोल्ट्रीवाल्यायकडं, सर. तुमाले पाह्यजे का?" समोर दोन शेतकरी फवारणीचं विचारत उभे होते. देवमन सर गुलाबाच्या झाडासाठी निंबोळी अर्काची बाटली घेऊन परत आले. बसमध्ये त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ती गोष्ट आता जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि त्यामुळे तिचं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी मायाला पत्र लिहायचं ठरवलं आणि लिहिलं नाही. मंगळवारी पुण्याला तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांचे अहवाल येऊन पडले होते, आता उरला होता तो नुसता उपचार. एप्रिलपासून तिला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, पदवीचा कागद दाखवायच्या अटीवर. रविवारी अमरावतीला लेकीकडे, म्हणजे मायाच्या आईकडे, शालूकडे, घरगुती कार्यक्रम होता. दुपारी चारला बुद्धवंदना, मायाचा सत्कार, चहा-फराळ, बावीस माणसं. सगळं असं एकापुढे एक लावून ठेवलेलं होतं. बोलायचं नसेल तर काही करावं लागत नव्हतं, आणि काही न करण्याचा देवमन सरांना सराव होता.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. खिशात घडी केलेला बटर पेपर. माणिकबाईंच्या मांडीवर करंज्यांचा डबा. मूर्तिजापूर गेलं, खिडकीबाहेर हरभरा पिवळा पडत आला होता. देवमन सर मनात वाक्यं जुळवत होते. आधी पंजाबरावाची हकीकत सांगायची, मग तंतूचं, मग शेवटी, तुला काय वाटतं, असं विचारायचं. विचारायचं, सांगायचं नाही. बडनेऱ्यापर्यंत त्यांनी हकीकत इतक्या वेळा मनात सांगितली, की ती दुसऱ्याच कोणाची वाटू लागली. ऑटोत माणिकबाई म्हणाल्या, "तुमचं तोंड काहून असं? पोरीचा सत्कार हाय, मयत नाई."

साईनगरातल्या घरात खुर्च्या येऊन पडल्या होत्या. शालू, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुख्याध्यापिका, खुर्च्यांनाही मुलांसारखं दरडावत असल्यागत ओळीत लावत होती. जावई सुगत वीज कंपनीतून नुकताच सेवानिवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. त्यानं सासऱ्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"बाबा, तुमी प्राध्यापक माणूस, तुमीच सांगा. माया म्हणते, पेशीले दाबून ठेवलं त् तिच्यातलं सगळं टिकून राह्यते. म्या म्हटलं, हे संशोधन करायले पुण्याले काहून गेली? मी तीस वर्षांपासून घरातच भोगून राहिलो."

"दाबलं नसतं त् काय झाले असते तुमी?" शालू खुर्ची सरकवत म्हणाली. "मंत्री?"

"होऊ शकलो असतो, असं म्हणून राहिलो."

माया हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. केस कापलेले, मनगटं हाडकुळी, सारखं स्पिरिट लावून हातांची कातडी कोरडी पडलेली. दोन वर्षं ती दिवाळीच्या सुट्टीत घरी आली नव्हती, कारण पेशींना रोज नवं पोषण द्यावं लागतं, सुट्टी नसते. ती आजोबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "वाचला का?"

"एकशे अठरापर्यंत आलो," देवमन सर म्हणाले. हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. माया सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "वर चला. खाली गडबड आहे."

वरच्या खोलीत तिची जुनी शाळेची पुस्तकं होती, खिडकीत ऊन होतं. देवमन सर पलंगाच्या कडेवर बसले. रेल्वेत जुळवलेली वाक्यं त्यांना आता सापडेनात. "फोटो कोण काढतं तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"छान आहेत," ते म्हणाले. खाली सुगत कोणाला तरी सतरंजी कुठे आहे ते ओरडून विचारत होता. देवमन सरांना वाटलं, झालं, आता उठावं, खाली जाऊन चहा घ्यावा. ते उठलेही. उठताना हात खिशात गेला आणि कागद बाहेर आला. त्यांनी तो उलगडून पलंगावर ठेवला. पेन्सिलीच्या रेघा उन्हात नीट दिसतही नव्हत्या.

माया त्याच्याकडे पाहत राहिली. हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. कपाटातून तिनं आपली प्रत काढली, आणि तिची बोटं पानं न चाळता, अनुक्रमणिका न पाहता, सरळ एकशे अठरावर गेली. पुस्तक त्या जागी आपोआप उघडलं. देवमन सरांना हे तंतूसारखंच दिसलं, म्हणजे पाहायचं नसताना आधी तेच दिसलं.

"तुला केव्हा कळलं?"

"प्रबंध जमा केल्यावर. वीस दिवस झाले." ती जमिनीवर बसली. "फायलींची नावं सारखी होती, आजोबा. पानाची मांडणी करताना एक फिरवला होता, तोच परत लागला. चुकून लागला. पण कळल्यावर मी काही केलं नाही. ते चुकून नव्हतं."

"आणि खरा?"

तिनं लॅपटॉप उघडला. तोच करडा रंग, तेच चकाकते थेंब, पण तंतू नव्हता. देवमन सर भिंग काढून पडद्यावर वाकले. "मोठं करता येतं," माया म्हणाली, आणि करून दाखवलं. बहुतेक पुंजके गोलच होते. पण एका बाजूला तिघांच्या कडा सैल झाल्या होत्या. तिथून पेशी बाहेर पडून चपट्या पसरल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींनी बारीक, लांब धागे टाकले होते, ओल्या मातीत मुळं शिरावीत तसे.

"किती आहेत सगळे?"

"एकेचाळीस. तीन गेले. मी लिहिलंय, एकही गेला नाही."

पंजाबरावाची हकीकत सांगायची ती वेळ होती. देवमन सरांना ते कळत होतं. पण त्यांची नजर त्या तीन पुंजक्यांवरून निघेना. राहण्याला दाबणारं प्रथिन काढून घेतलेलं, कोणी मोकळं करणारं नाही, आणि तरी हे गेले. मायाच्या सिद्धांताप्रमाणे हे जाऊच शकत नव्हते. "हे कसे गेले?" त्यांनी विचारलं, आणि त्यात शिकवण्याचा वा समजावण्याचा काही भाग नव्हता, त्यांना खरोखरच ठाऊक करून घ्यायचं होतं. माया बोलू लागली. त्या प्रथिनाची दोन भावंडं आहेत, त्यांतल्या एकानं काम उचललं असेल. किंवा काही पेशींतून ते पुरतं गेलंच नसेल, त्या इतरांत मिसळलेल्या राहिल्या असतील. किंवा पुंजक्याच्या आकाराशी काही असेल, तिघंही लहान आहेत, पाहा. यातलं नेमकं काय, ते पाहायला पुन्हा चार महिने लागतील. आल्यापासून ती एवढं सलग बोलली नव्हती. बोलता बोलता तिनं कागद ओढून बाण काढले, एक खोडला, आणि मग एकदम थांबली.

"दोन्ही परीक्षकांना दिसलं नाही," ती म्हणाली. "गाइडना दिसलं नाही."

"कोपऱ्यात कोणी पाहत नाही."

"तुम्ही पाहिलं." त्यात तक्रार होती की नाही ते कळलं नाही. "मंगळवारनंतर सांगता येईल. पदवी झाल्यावर. छोटी दुरुस्ती म्हणून."

येईल, असं देवमन सरांच्या मनात आलं. नम्रपणे, मुदत मागून, कोणाला काही कळणार नाही असं सांगता येईल. त्या मसुद्याची त्यांना चांगली ओळख होती. "हे लिही, माया," ते म्हणाले. "आज लिही." त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. आकृती नीट काढ, रेघ दोनदा ओढू नको, असं वर्गात म्हणायचे तो आवाज. वर्गाबाहेर त्यांनी तो कधी वापरल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मग मंगळवार गेला."

"हो."

"आणि जर्मनी?"

सगळं ठीक होईल, असं म्हणायला त्यांच्यापाशी काही आधार नव्हता. "मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि ती लिहीत असताना तिथंच बसून राहिले. तिला पाऊण तास लागला. वाक्यं लांब व्हायची, माया ती कापायची. शेवटी पाचच उरली. गाइडना मेल पाठवल्यावर तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, कोरडे, पालथे. वीस मिनिटांनी गाइडचा फोन आला. ती गच्चीत गेली. देवमन सरांना दारातून तिची पाठ दिसत होती. ती फार थोडं बोलत होती, "हो सर," "नाही सर," "माझीच." परत आली तेव्हा तिचे डोळे ओले नव्हते, नाकाचा शेंडा तेवढा लाल होता. परीक्षा पुढे ढकलली. किती पुढे, ते गाइडनी सांगितलं नव्हतं.

खाली शालूनं हारांची पिशवी फॅनखाली ठेवली होती. मायानं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, सरळ, कमी शब्दांत. सुगतनं हातातली सतरंजी खाली ठेवली. शालूनं आधी घड्याळाकडे पाहिलं, एक वाजून गेला होता, आणि मग मुलीकडे.

"आजच कसं काय दिसलं? सहा वर्षांत नाई दिसलं ते आज दिसलं? कोणं सांगितलं तुले?"

"माझ्याच लक्षात आलं, आई," माया म्हणाली.

हे खोटं नव्हतं. तिच्या लक्षात आलंच होतं, वीस दिवसांपूर्वी. ती आजोबांकडे पाहत नव्हती. तिनं त्यांना यातून सोडवलं होतं, आणि स्वतःकडे एक प्रामाणिकपणाही ठेवून घेतला होता, जो तिला शोभला असता. कोणाचंच नुकसान नव्हतं. कपात चहा निवत होता. देवमन सरांना वाटलं, सगळ्या खोलीत आता फक्त त्यांच्या न बोलण्याचीच जागा तयार आहे, बरोबर त्यांच्या मापाची.

"मी दाखवलं," ते म्हणाले.

"तुमी?" शालू वळली. तिला राग यायच्या आधी नुसतं नवल वाटलं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग राग आला. "बाबा, तुमाले कोणी विचारलं होतं?"

देवमन सरांनी खरोखर आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं नव्हतं."

"बावीस माणसं येऊन राहिले. काय सांगू त्यायले?" शालू एका खुर्चीवर बसली, ओळीतल्या पहिल्याच, पाहुण्यांसाठी पांढरं कापड टाकलेल्या. तिच्या हातात पाहुण्यांची यादी होती, नाव आणि नंबर, शाळेच्या सुवाच्य अक्षरात. सुगत तिच्या शेजारी बसला. माया जिन्यावरच उभी होती. स्वयंपाकघरातून माणिकबाई म्हणाल्या, "बसून काय राह्यले? लोकायले फोन त् करा, नाई त् निघतीन ते घरून." कोणी हललं नाही.

देवमन सरांनी शालूच्या हातातली यादी घेतली. तिनं घेऊ दिली. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, चष्मा सारखा केला आणि पहिला नंबर लावला. अनोळखी माणसाला फोन करणं त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं, गॅसचा नंबरसुद्धा माणिकबाई लावत. पहिल्या फोनवर त्यांचा आवाज बसला आणि पलीकडच्या माणसाला वाटलं, घरात काही अशुभ झालं. दुसऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, की कार्यक्रम पुढे ढकलला. फोन ठेवल्यावर तो मसुदा त्यांना आवडला नाही. तिसरं नाव दुर्गाबाईंचं होतं, इर्विन दवाखान्याच्या बाजूला राहणाऱ्या, सेवानिवृत्त परिचारिका.

"जयभीम. मी देवमन तायडे बोलतो, मायाचा आजोबा. आजचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. प्रबंधात एक फोटो चुकला होता. परीक्षा आता नंतर होईल."

"आं? म्हणजे नापास झाली का जी पोरगी?"

"नाही. चूक दुरुस्त करायची आहे. मीच दाखवली."

"तुमी सख्खेच आजोबा ना?"

"हो."

"मी त् साडी नेसून बसली," दुर्गाबाई म्हणाल्या. "बरं, काय शोधून राहिली होती ते तरी सांगा. तिथं येऊन मले समजलंच नसतं."

देवमन सरांनी जिन्याकडे पाहिलं. माया ऐकत होती. "काही पेशी आहेत," ते म्हणाले. "त्यांनी जागा सोडायला पाहिजे होती, त्यांनी सोडली नाही. आम्हाला वाटलं, एकीनंही सोडली नाही. पण एकेचाळीस पुंजक्यांतले तीन गेले."

"कशानं गेले?"

"ते अजून पाहायचं आहे."

"पाहा मंग," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. देवमन सरांनी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली, आणि पुढचा नंबर भिंगाखाली धरला.